झडप ७

शाळेत बाईंनी शिकवलं होतं,
एक शब्द लागोपाठ दोनदा आला
की वाचणारा जांभई देतो.
स्टेइनुनच्या वहीत लाल वर्तुळं असत,
समासात लिहिलेलं: पुन्हा तेच?
मग ती शिकली. पहिल्या ओळीतला मासा
दुसऱ्या ओळीत चंदेरी झाला,
तिसऱ्या ओळीत समुद्राचं लेकरू.

आता आइसलँडच्या पश्चिम टोकाला,
मासे गोठवण्याच्या कारखान्यात,
अमोनियाच्या यंत्राची पुस्तिका तिला नव्यानं लिहायची आहे.

जुनी पुस्तिका तिघांनी लिहिली, सतरा वर्षांत.
पान चारवर मुख्य झडप.
पान अकरावर लाल झडप.
पान तीसवर, ज्याला भाषेची हौस होती त्यानं,
प्रवाह रोखणारा कळीचा घटक.
आणि भिंतीवर खडूनं, ओड्डुरच्या अक्षरात:
म्हातारी.
चारही एकच, हे ओड्डुरला ठाऊक होतं.
ओड्डुर जूनमध्ये निवृत्त झाला.
लाल झडप त्याच्याही आधी निळी झाली होती,
गोदामात तेवढाच रंग उरला होता म्हणून.

नोव्हेंबरात, पहाटे तीनच्या सुमाराला,
व्येस्वाफला आधी वास आला.
मग डोळे चुरचुरले.
त्याच्या हातातल्या पोलिश पुस्तिकेत
भाषांतरकारानं अगदी प्रामाणिकपणे
तीन नावांच्या तीन झडपा केल्या होत्या.
तो लाल शोधत होता.
लाल एकच सापडली: आग विझवायच्या पाण्याची.
ती त्यानं बंद केली, दोन्ही हातांनी, घट्ट,
जसं लिहिलं होतं तसं.

कुणी ध चा मा केला नव्हता.
जो तो आपापल्या परीनं
बरं लिहीत गेला होता, इतकंच.

व्येस्वाफ वाचला. उजव्या डोळ्यापुढे अजून धुकं आहे.
स्टेइनुननं त्याला विचारलं, हिला काय म्हणू?
तो म्हणाला, काहीही म्हण.
पण उद्याही तेच म्हण.

मग तिनं लिहिलं:
झडप ७ उघडी आहे का पाहा.
झडप ७ उघडी असल्यास झडप ७ बंद करा.
झडप ७ बंद झाल्याची खूण: झडप ७ चा दांडा नळीला आडवा.
समासात बाई खोकल्या.
तिनं त्यांना खुर्ची दिली, कॉफी दिली,
आणि पुढची ओळही झडप ७ नंच सुरू केली.

सर्वनामंसुद्धा काढली.
'ती बंद करा' म्हणजे कोणती?
झडप ती, टाकी ती, नळी ती,
आणि रात्रपाळीची मारिसेल, तीही ती.

पोलादी पट्टीवर आकडा ठोकला,
रंग उडाला तरी बोटांना लागेल असा.
खडूचं अक्षर पुसावं लागलं.

ओड्डुर बघायला आला. भिंतीच्या त्या स्वच्छ तुकड्यापुढे
टोपी काढून थोडा वेळ उभा राहिला.
म्हणजे आता ही सात, म्हणाला.
पट्टीवरून अंगठा फिरवला.
सात, पुन्हा म्हणाला,
सवय करून घ्यावी तसं.
स्टेइनुननं खिडकीकडे पाहिलं.
तिच्या पुस्तिकेत ह्याला जागा नव्हती.

जानेवारी सरताना सूर्य डोंगरावरून डोकावला,
दोन महिन्यांनी, जेमतेम चार मिनिटं.
गावानं पॅनकेक केले.
व्येस्वाफ काळा चष्मा लावून धक्क्यावर उभा,
आणि ती, वर्षभर शब्दांची काटकसर केलेली बाई,
उजेडाला एकामागून एक नावं देत सुटली:
सायीसारखा, पितळी, चोरपावली, पाहुणा,
लोण्यात बुडवलेला.

एक काहीतरी ठरव, तो हसून म्हणाला.
आज नाही, ती म्हणाली.